भाड्याचं घर, कायदा आणि कागद : महाराष्ट्रातल्या घरमालकांचे आणि भाडेकरूंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाडेकरारांचे मसुदे करण्यात आणि त्यांवरून पेटलेली भांडणं निस्तरण्यात माझी बरीच वर्षं गेली. मालक म्हणतो "घर भाड्यानं दिलं", समोरचा म्हणतो "घर भाड्यानं घेतलं". पण कायद्याच्या दृष्टीनं नेमकं काय दिलं आणि काय घेतलं, हे बहुतेकांना वाद झाल्यावरच कळतं. घराचा ताबा दिला, की घरात राहायची नुसती परवानगी दिली? खालचे निम्म्याहून जास्त प्रश्न याच फरकाशी येऊन थांबतात, म्हणून सुरुवातही तिथूनच करतो. ही माहिती महाराष्ट्रापुरती आणि मुख्यतः राहत्या घरांबद्दल आहे.

भाडेकरार आणि 'लिव्ह अँड लायसन्स' यांत फरक काय? दोन्हीकडे महिन्याला पैसेच तर द्यायचे असतात.

पैसे दोन्हीकडे सारखेच, हक्क मात्र वेगळे. भाडेपट्ट्याची, म्हणजे लीजची व्याख्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०५ मध्ये आहे. त्यात मालक आपल्या मालमत्तेच्या उपभोगाचा हक्क दुसऱ्याच्या हाती देतो. त्या जागेत भाडेकरूचा कायदेशीर हितसंबंध तयार होतो आणि ठरलेल्या काळापुरता तो तिथला हक्काचा ताबेदार असतो. लायसन्सची व्याख्या भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ मध्ये सापडते. तिथे मालक फक्त वापराची परवानगी देतो. जागेत हितसंबंध तयार होत नाही आणि कायदेशीर ताबा मालकाकडेच राहतो, असं मानलं जातं.

हा फरक किती खोलवर जातो ते पाहा. भाडेकरूला घराबाहेर काढायचं तर मालकाला कायद्यात मोजून दिलेल्या कारणांपैकी एक कारण कोर्टात सिद्ध करावं लागतं. लायसन्सवर राहणाऱ्याची मुदत संपली, की त्याचा राहण्याचा अधिकारही संपतो. भाडेकरूच्या मृत्यूनंतर सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला संरक्षण मिळतं, लायसन्स हे त्या व्यक्तीपुरतंच असतं. घर विकलं गेलं तर दोघांची गत वेगवेगळी होते, तो प्रश्न पुढे घेतला आहे.

माझ्या कागदावर 'भाडेकरार' लिहिलंय, आत मात्र 'लायसन्स' असा शब्द आहे. मग मी कोण?

कोर्ट मथळा बघून थांबत नाही. पूर्ण करार वाचून दोघांचा हेतू काय होता आणि जागेचा एकट्यानं वापर करण्याचा हक्क दिला होता का, हे तपासलं जातं. पण राहत्या घराचा लेखी लायसन्स करार असेल, तर महाराष्ट्राच्या भाडे नियंत्रण कायद्याच्या (तो पुढच्याच प्रश्नात येतो) कलम २४ प्रमाणे त्यात लिहिलेल्या गोष्टी त्या कलमाखालच्या कारवाईत निर्णायक पुरावा धरल्या जातात. "सही केली, पण खरं तर भाडेकरूच होतो" हा बचाव तिथे सहसा टिकत नाही. त्यामुळे सही करण्याआधी पहिलं पान तरी नीट वाचा. आजकाल शहरांतले जवळपास सगळे नवे करार लिव्ह अँड लायसन्सचेच असतात. या लेखात 'भाडेकरू' हा शब्द मी फक्त भाडेपट्ट्यावर राहणाऱ्यासाठी वापरतो, आणि जिथे लायसन्सवाल्याबद्दल बोलतो तिथे तसं म्हणतो.

महाराष्ट्रात नेमका कोणता कायदा लागू आहे?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याआधी राज्यात तीन वेगळे कायदे होते: मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्राकडे १९४७ चा मुंबई भाडे कायदा, विदर्भात १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाडचा आदेश आणि मराठवाड्यात १९५४ चा हैदराबादचा कायदा. जुन्या वाड्यांच्या आणि चाळींच्या खटल्यांत ही नावं अजूनही कानावर पडतात.

काही जागांना हा कायदा लागू होत नाही. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या जागा, बँकांना किंवा सार्वजनिक उपक्रमांना दिलेल्या जागा, आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या कंपन्यांना दिलेल्या जागा त्यातून वगळल्या आहेत.

अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी करावी लागत नाही ना?

करावी लागते. हा गैरसमज इतका मुरला आहे, की एजंटही छातीठोकपणे उलटं सांगतात. त्याचं मूळ असं: देशाच्या सर्वसाधारण कायद्यानुसार एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, म्हणून अकरा महिन्यांची पळवाट रूढ झाली. महाराष्ट्रात ती वाट बंद आहे. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ म्हणतं, की घर भाड्यानं द्या किंवा लायसन्सवर द्या, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. मुदत किती, याला महत्त्व नाही. सहा महिन्यांचा असला तरी तोच नियम.

नोंदणीची जबाबदारी कायद्यानं मालकावर टाकली आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण मालकांनी खरी भीती बाळगावी ती याच कलमातल्या दुसऱ्या तरतुदीची. नोंदवलेला लेखी करार नसेल, तर घर कोणत्या अटींवर दिलं होतं याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं. तसं नव्हतं हे सिद्ध करण्याचं ओझं मालकावर येतं.

एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं प्रकरण मी जवळून पाहिलं आहे. भाच्याच्या ओळखीतला मुलगा, "चांगल्या घरचा आहे," म्हणून दोन खोल्या तोंडी बोलीवर दिल्या. बाई दरमहा वहीत पेन्सिलीनं रक्कम लिहायच्या आणि शेजारी तारीख टाकायच्या. तीन वर्षांनी त्यांना घर स्वतःसाठी हवं झालं, तेव्हा तो मुलगा म्हणाला, "मी भाडेकरू आहे, तुम्ही मला कायमचं घर दिलंय." बाईंच्या हातात त्या वहीशिवाय काहीही नव्हतं. वहीतलं पेन्सिलीचं अक्षर फिकट झालेलं, आणि त्याची एकही सही नाही. कलम ५५ समजावून सांगताना मला आजही ती वही आठवते.

शंभर-पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला करार चालतो का?

नाही. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. कलम ५५ ची अट त्यानं पूर्ण होत नाही.

नोंदणीला खर्च किती येतो आणि ती कुठे करायची?

लिव्ह अँड लायसन्सवर ६० महिन्यांपर्यंतच्या मुदतीसाठी ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क आहे. ते कशावर मोजायचं? मुदतीतलं एकूण भाडं, परत न मिळणारी काही रक्कम असेल तर ती, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या तिघांच्या बेरजेवर. समजा वर्षभराचा करार आहे, भाडं महिना २०,००० आणि डिपॉझिट एक लाख. भाडं झालं २,४०,०००, डिपॉझिटवरचं व्याज १०,०००, बेरीज अडीच लाख. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे ६२५ रुपये. नोंदणी फी शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. एवढ्या रकमेसाठी लोक लाखांच्या घराचा धोका पत्करतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

नोंदणी दुय्यम निबंधक कार्यालयात होते, किंवा नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ऑनलाइन सुविधेनं आधार आणि अंगठ्याचा ठसा देऊन घरबसल्याही होते. खर्च कोणी करायचा हे आपसात ठरतं. निम्मा-निम्मा ही पद्धत रूढ आहे. नोंदणी झाल्यावर इंडेक्स टूसकट (नोंदणीचा सारांश देणारा उतारा) पूर्ण प्रत दोघांनीही जपून ठेवावी. "मालकाकडे आहे की," हे उत्तर भाड्यानं राहणाऱ्यांकडून फार ऐकायला मिळतं. तसं करू नका.

करारात काय काय लिहून घ्यावं?

भाडं, डिपॉझिट आणि मुदत सगळेच लिहितात. भांडण होतं ते न लिहिलेल्या गोष्टींवरून. सोसायटीचा मेंटेनन्स भाड्यात धरला आहे की वेगळा? लाइट बिल कोणाच्या नावावर येणार, आणि चावी दिली त्या दिवशी मीटरचं रीडिंग किती होतं? पार्किंग मिळणार का, आणि कुठलं? मुदतीआधी घर सोडायचं झालं तर नोटीस किती दिवसांची, आणि ती दोघांनाही सारखीच लागू आहे का? छापील मसुद्यात बऱ्याचदा मालकाला एक महिन्याची मुभा असते आणि राहणाऱ्यावर मात्र सहा महिन्यांचा लॉक-इन, म्हणजे तोवर घर न सोडण्याची अट, असते. त्याला सही करण्याआधीच हरकत घ्यावी, नंतर उपयोग नसतो.

सामानाची यादी तर हवीच. "पंखे ४, गीझर १, ट्रॉल्या चालू स्थितीत" एवढ्यावर भागवू नका. कुठल्या ट्रॉलीची कडी सैल आहे, बाथरूमच्या आरशाला कुठे चरा आहे, गॅलरीच्या छताला ओल कुठवर आली आहे, हेही लिहा. चावी घेताना सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढा, नळ सोडून आणि दिवे लावून, आणि तो त्याच दिवशी समोरच्याला व्हॉट्सॲपवर पाठवा. तारीख आपोआप नोंदली जाते.

दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही असा नवा नियम आलाय म्हणे?

हा मेसेज दरवर्षी नव्यानं फिरतो. त्याचा उगम आदर्श भाडेकरू कायद्यात आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं जून २०२१ मध्ये त्याला मंजुरी दिली. राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या आणि इतर जागांसाठी सहा महिन्यांच्या भाड्याइतकी डिपॉझिटची मर्यादा त्यात आहे. पण तो राज्यांसाठी नमुना आहे. घरभाडं हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय असल्यानं, राज्यानं त्या धर्तीवर स्वतःचा कायदा केल्याशिवाय त्यातलं काहीही लागू होत नाही. महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो, आणि लिव्ह अँड लायसन्सच्या डिपॉझिटवर त्यानं कमाल मर्यादा घातलेली नाही. रक्कम घासाघीस करून ठरते.

घर सोडलं, पण मालक डिपॉझिट देत नाही. काय करू?

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. डिपॉझिट हे तुमचेच पैसे आहेत, मालकाकडे अनामत ठेवलेले. थकलेलं भाडं, न भरलेली बिलं आणि तुमच्या हातून झालेलं खरं नुकसान एवढंच त्यातून वजा होऊ शकतं. वापरानं होणारी सहज झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०८ मध्ये घर परत करताना ही सूट स्पष्टच दिलेली आहे. तीन वर्षांत भिंतीचा रंग फिका पडला, नळाचा वॉशर गेला, ही झीज. दाराला लाथ मारून भोक पाडलं, ते नुकसान. करारातच "घर सोडताना रंगकामाचे इतके कापले जातील" असं लिहून सही केली असेल, तर मात्र ते मान्य करावं लागेल. लायसन्सलाही हाच न्याय करारातून लागू होतो, म्हणून झिजेची सूट त्यात लिहून घ्यावी.

आता पैसे मागायचे कसे, ते सांगतो. फोनवर वाद घालत बसू नका. चावी दिल्याची लेखी पोच घ्या. मग कपातीचा हिशेब लेखी मागा, ज्यात प्रत्येक बाब आणि तिचं बिल असेल. उत्तर आलं नाही, तर वकिलामार्फत रजिस्टर्ड पोस्टानं नोटीस पाठवा. बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात. नाही मिटलं, तर वसुलीचा दावा लावता येतो. पैशाच्या अशा दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, तेव्हा "बघू, देईल" म्हणत वर्षं घालवू नका.

एका जोडप्याच्या डिपॉझिटमधून ओट्याच्या ग्रॅनाइटला पडलेल्या भेगेपोटी मोठी रक्कम कापली होती. त्यांनी पहिल्या दिवशीचा व्हिडिओ शोधून काढला. त्यात शेगडीच्या डाव्या बाजूला तीच भेग होती, आणि कॅमेऱ्यामागून मालकांचाच आवाज येत होता, "हे आधीपासून आहे हं, काळजी करू नका." मालक खोटं बोलत नव्हते, ते विसरले होते. व्हिडिओ पाहून त्यांनी त्याच संध्याकाळी पैसे पाठवले.

दुरुस्ती कोणी करायची?

भाडेकरू असेल तर १९९९ च्या कायद्याचं कलम १४ लागू होतं: घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. गळती होतेय, प्लॅस्टर पडतंय, ड्रेनेज तुंबलंय आणि मालक लक्ष देत नाही, तर किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यायची. तरीही वाजवी वेळात काम झालं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात अशी वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त करता येत नाही. नोटिशीची प्रत, दुरुस्तीआधीचे फोटो आणि कारागिराचं बिल हाताशी हवं. नोटीस न देताच भाडं कापलं, तर तीच थकबाकी ठरू शकते.

लिव्ह अँड लायसन्समध्ये करार म्हणेल ते. म्हणून "किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याची, मोठी मालकाची" असं मोघम लिहू नका. एक रक्कम ठरवा आणि तिच्या वरचं काम मालकाचं, असं लिहा.

मालक न सांगता घरात येऊ शकतो का? त्याच्याकडे दुसरी किल्ली आहे.

घर पाहण्याचा हक्क मालकाला आहे, पण कलम २८ प्रमाणे भाडेकरूला आधी कळवून आणि वाजवी वेळी. लायसन्समध्ये ही अट करारात घालून घ्यावी. २४ तास आधी कळवणं हा चांगला रिवाज आहे. तुम्ही ऑफिसात असताना दार उघडून आत येणं कोणत्याच अर्थानं योग्य नाही. घरात राहणारी एकटी मुलगी असेल तर ही बाब किती गंभीर होते, हे मालकांनी स्वतः होऊन समजून घ्यायला हवं.

भाडं दरवर्षी किती वाढवता येतं?

भाडे नियंत्रणाखालच्या भाडेकरूला दरवर्षी ४ टक्के. त्याशिवाय सुधारणा, मोठी दुरुस्ती किंवा वाढलेले कर यांपोटी कायद्यानं ठरवलेल्या मर्यादेत वाढ होऊ शकते. लायसन्समध्ये करारात लिहिलेली वाढच लागू होते. मुदतीच्या मध्येच "आता बाजारभाव वाढलाय" म्हणून मालकाला जास्त मागता येत नाही. नव्या कराराच्या वेळी मात्र तो मोकळा असतो.

मालक भाड्याची पावती देत नाही.

भाडं मिळाल्यावर लेखी पावती देणं मालकाला कायद्यानं बंधनकारक आहे. तोवर भाडं बँकेतून पाठवा आणि शेऱ्यात महिना लिहा. रोख देण्याचं टाळा.

मालकानं वीज-पाणी तोडलं, कुलूप बदललं, सामान बाहेर काढायची धमकी दिली. हे चालतं का?

मुळीच नाही. भाडं थकलेलं असलं तरी नाही. कलम २९ प्रमाणे पुरेशा कारणाशिवाय मालकाला भाडेकरूचं पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट किंवा साफसफाईची सोय बंद करता येत नाही. स्वतः तोडली काय किंवा दुसऱ्याकरवी तोडून घेतली काय, सारखंच. कोर्ट ती पूर्ववत करायला लावतं, आणि मालकाला शिक्षाही होऊ शकते. कायदेशीर मार्गाशिवाय भाडेकरूला ताब्यातून हुसकावलं, तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो.

लायसन्सवर राहणाऱ्यालाही मुदत चालू असताना असं बाहेर काढता येत नाही. पैसे भरलेले असताना मुदतीआधीच हुसकावलं, तर सुविधाधिकार कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे नुकसानभरपाई मागता येते. लायसन्स रद्द झालं तरी घर रिकामं करून सामान न्यायला वाजवी वेळ मिळणं हाही त्याचा हक्क आहे (कलम ६३). असा प्रसंग आला तर आधी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. पोलीस "हे दिवाणी आहे" म्हणतील, तरी अर्ज द्याच. पुढे कोर्टात तारीखवार कागद लागतो.

(मालकांचा प्रश्न) करार संपला, पण माणूस घर सोडत नाही.

इथे नोंदवलेल्या लायसन्स कराराचं खरं मोल कळतं. राहत्या घरासाठी कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. नेहमीच्या दिवाणी दाव्यापेक्षा ही वाट बरीच जवळची आहे. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत राहणाऱ्यानं प्रतिज्ञापत्रासह बचावाची परवानगी मागावी लागते. मागितली नाही किंवा मिळाली नाही, तर घर रिकामं करण्याचा आदेश होतो. त्यावर अपील नाही, पुनरीक्षण अर्ज करता येतो. शिवाय मुदत संपल्यापासून घर सोडेपर्यंतच्या काळासाठी लायसन्स फीच्या दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागते.

मालकांना एक कळकळीची सूचना. मुदत संपल्यावर नवा करार न करता महिनोन्महिने पैसे घेत राहू नका. त्यातून पुढे नसते अर्थ निघतात. मुदत संपण्याच्या दोन महिने आधी बोलणी सुरू करा. आणि राहणाऱ्यांनो, नवीन घर मिळालं नसेल तर तसं लेखी कळवून थोड्या दिवसांची मुदतवाढ मागा. गप्प राहिलात, तर ती दुप्पट भरपाई तुमच्याच डोक्यावर बसते.

जुन्या भाडेकरूला कोणत्या कारणांनी काढता येतं?

कारणं कलम १५ आणि १६ मध्ये आहेत. मोठं नुकसान करणं, मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम करणं, शेजाऱ्यांना उपद्रव, बेकायदा पोटभाडेकरू ठेवणं, सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा ठरलेल्या कामासाठी न वापरणं, मालकाला स्वतःसाठी खरोखर गरज असणं, ही त्यांतली नेहमी दिसणारी.

स्वतःच्या गरजेचं कारण असेल तर कोर्ट तुलनात्मक अडचण तोलतं: घर न मिळाल्यानं मालकाची जास्त ओढाताण होईल, की घर गेल्यानं भाडेकरूची? आणि अशा कारणानं घर मिळवून मालक महिनाभरात तिथे राहायला गेला नाही, किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्यानं दिलं, तर जुना भाडेकरू ताबा परत मागू शकतो.

थकबाकीच्या बाबतीत कायदा भाडेकरूला सावरण्याची संधी देतो. मालकाला आधी लेखी मागणी करावी लागते आणि ९० दिवस थांबावं लागतं. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी, त्यावर वर्षाला १५ टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च भरला, आणि पुढचं भाडं वेळेवर भरत राहिलं, तर त्या कारणासाठी घर जात नाही. मुंबईत हे दावे लघुवाद न्यायालयात चालतात. जिथे ते नाही, तिथे दिवाणी न्यायालयात.

बारा वर्षं राहिलं की भाडेकरू घराचा मालक होतो, हे खरं का?

नाही. प्रतिकूल कब्जाची बारा वर्षं त्याची मोजली जातात, जो मालकाचा हक्क नाकारून उघडपणे जागा बळकावून बसतो. भाडेकरू मालकाच्या परवानगीनं राहतो आणि भाडं देऊन त्याची मालकी दर महिन्याला मान्यच करत असतो. चाळीस वर्षं राहिला तरी तो भाडेकरूच. या भीतीपोटी कित्येकांनी घरं वर्षानुवर्षं कुलूप लावून ठेवली आहेत. नोंदवलेला करार केला तर त्याची गरज नाही.

आम्ही राहत असताना मालकानं घर विकलं. नवा मालक आम्हाला काढू शकतो?

भाडेकरू असाल तर नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०९ प्रमाणे घर विकत घेणारा जुन्या मालकाच्या जागी येतो, त्याच्या हक्कांसह आणि जबाबदाऱ्यांसह. लायसन्स असेल तर चित्र उलटं आहे. सुविधाधिकार कायद्याचं कलम ५९ म्हणतं, की घर विकत घेणाऱ्यावर आधीच्या मालकानं दिलेलं लायसन्स बंधनकारक नसतं. हे फार थोड्यांना माहीत असतं. म्हणून करारात एक वाक्य घालून घ्या: मुदतीत घर विकल्यास मालक इतक्या दिवसांची नोटीस देईल आणि डिपॉझिट चावी घेतानाच परत करेल.

भाडेकरू वारला तर घराचं काय?

मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारी कुटुंबातली व्यक्ती भाडेकरू ठरते. तशी कोणी नसेल तर वारस, आणि वाद असेल तर कोर्ट ठरवेल तो. मालक वारला तर त्याचे वारस त्याच्या जागी येतात. अशा वेळी भाडं कोणाच्या खात्यात भरायचं, हे सगळ्या वारसांकडून लेखी घ्या.

पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे का?

राज्यातल्या अनेक शहरांत पोलीस आयुक्त तसे मनाई आदेश काढतात, आणि ते न पाळणाऱ्या मालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो. माहिती ऑनलाइन भरता येते. तो अर्ज फक्त कळवण्यापुरता असतो, पोलिसांची परवानगी लागत नाही.

सोसायटी एनओसीसाठी (ना-हरकत पत्रासाठी) पैसे मागतेय आणि बिनभोगवटा शुल्कही जास्त लावतेय.

स्वतःचा फ्लॅट भाड्यानं देणाऱ्या सभासदानं सोसायटीला कळवावं, कराराची प्रत द्यावी. बिनभोगवटा शुल्क म्हणजे सभासद स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ती रक्कम. तिची मर्यादा १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानं घालून दिली आहे: सेवा शुल्काच्या १० टक्के, आणि त्यात पालिकेचे कर धरायचे नाहीत. सेवा शुल्क महिना २,५०० असेल तर २५० रुपये, यापेक्षा जास्त नाही. आई-वडील, मुलगा-मुलगी अशा जवळच्या नातेवाइकांना राहायला दिलं तर तेही लागत नाही. सर्वसाधारण सभेत ठराव केला म्हणून ही मर्यादा ओलांडता येत नाही.

पागडी बेकायदा आहे ना?

पागडी म्हणजे भाडेहक्काच्या बदल्यात दिली-घेतली जाणारी एकरकमी रक्कम. ती आता बेकायदा नाही. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५६ नं भाडेहक्क सोडताना किंवा दुसऱ्याला देताना भाडेकरूनं मोबदला घेणं, आणि त्या हस्तांतराला संमती देण्यासाठी मालकानं रक्कम घेणं, दोन्ही कायदेशीर ठरवलं. मालकाची लेखी संमती आणि त्याच्या हाताची नव्या नावाची भाडेपावती नसेल, तर पागडीचा व्यवहार करू नका.

भाड्यातून टीडीएस कापायचा का?

महिना भाडं ५०,००० रुपयांपेक्षा जास्त असेल, तर नोकरदार किंवा सामान्य माणसानंही २ टक्के टीडीएस (भाडं देतानाच कापून सरकारकडे जमा करायचा कर) कापून भरायचा असतो. १ ऑक्टोबर २०२४ पूर्वी हा दर ५ टक्के होता.

दुकान किंवा ऑफिस लायसन्सवर दिलं तर हेच नियम?

नोंदणीचा नियम तोच, घर रिकामं करून घेण्याची सोपी वाट मात्र नाही. कलम २४ राहत्या जागेपुरतं आहे. व्यापारी जागेसाठी कोर्टातच दावा लावावा लागतो, म्हणून तिथला मसुदा वकिलाला दाखवूनच सही करा.

चावी देण्याच्या दिवशी काय करायचं?

दोघंही घरात हजर राहा, शक्यतो दिवसा. पहिल्या दिवशीची यादी हातात घेऊन खोली-खोली फिरा आणि प्रत्येक ओळीसमोर खूण करा. मीटरचा फोटो काढा, त्या रीडिंगपर्यंतचं बिल कोण भरणार ते ठरवा. गॅस, इंटरनेट आणि पेपरवाल्याचा हिशेब संपवा. मग एका कागदावर चार ओळी लिहा: किती चाव्या दिल्या, कोणत्या तारखेला, किती वाजता, आणि डिपॉझिटपैकी किती रक्कम आज मिळाली व किती, कधीपर्यंत बाकी आहे. खाली दोघांच्या सह्या. एक प्रत मालकाकडे, एक तुमच्याकडे. चाव्या मोजताना गॅलरीच्या आणि टपालपेटीच्या चाव्या विसरू नका.